डॉक्टर 'बसा' बोल्ले की...

शहापूरच्या दवाखान्यात मी मावशी म्हणून लागले, तेव्हा वाटलं होतं फरशी पुसायची आणि बेडपॅन उचलायचे, झालं. इंग्रजी पण झेलायला लागेल असं कुणी सांगितलं नव्हतं! आमचे डॉक्टर पेशंटशी मराठीत बोलतात आणि त्याच्या डोक्यावरून सिस्टरशी इंग्रजीत. मग नातेवाईक आमचा पदर धरतात, "मावशे, काय गो बोल्ले सायेब?" मला काय कळतंय कपाळ! उष्ट्या भांड्यांसारखे असे किस्से रोज साठतात.

आधी मी हसायचे. पण माझी सुषमा, मुरबाडला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली आणि नवव्या महिन्यात बीपी वाढून आमच्याच वॉर्डात भरती झाली. तेव्हापासून हेच किस्से आठवले की माझं हसू पळायचं.

*

वॉर्डबॉय कैलास बारावी झालेला. म्हणजे आमचा इंग्रजी खात्याचा मंत्री!

आटगावचे एक आजोबा दम लागून आले होते. डॉक्टर सिस्टरला बोल्ले, "कीप हिम कम्फर्टेबल." कैलास लगेच बाहेर. "टेन्शन नको घेऊ भाऊ, सायेब बोल्ले आजोबा कम्फर्टेबल!" आजोबांच्या मुलाच्या पोटात कालपासून काय नव्हतं. बिचारा निवांत वडापाव खाऊन आला. दारातच डॉक्टर भेटले. खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूच्या बाकड्याकडे नेलं आणि बोल्ले, "बसा."

'कीप कम्फर्टेबल' म्हणजे जाताना त्रास नको, आणि 'बसा' म्हणजे गेले, हे तेव्हा आमी शिकलो. बरं काय असलं तर डॉक्टर चालता चालता सांगतात. त्या बाकड्याकडे नेऊन 'बसा' बोल्ले की संपलं, पुढचं ऐकायची गरजच नाय. मी त्या बाकड्यावर फडकासुद्धा लांबून मारते.

*

एका गड्याला भात कापताना साप चावला. डॉक्टर फोनवर कुणाला तरी बोल्ले, "टच अँड गो."

मंत्री बाहेर आले! "सायेबांची परमिशन हाय. एकेकाने हात लावायचा आणि निघायचं. गर्दी नाय पायजे."

अख्खी आळी लायनीत उभी. एका हाताला सलाइन, दुसरा सुजलेला, मग हात लावणार कुठं? पायाला! गड्याने डोळे उघडले तर सख्खा बाप त्याच्या पायाला हात लावून चाललाय. असा किंचाळला तो, "बाबा, मी हाय रे अजून!"

बापाने तिथंच बसकण मारली. 'टच अँड गो' म्हणजे जगेल का जाईल ते सांगता येत नाय, हे आमाला मागून कळलं. सिस्टरने कैलासला जे झापलं ते पण इंग्रजीतच, पण ते मात्र त्याला सगळं कळलं!

*

भातसानगरहून एक सासू सुनेला घेऊन आली. तपासून डॉक्टर बोल्ले, "फॉल्स पेन्स." कैलासने सांगितलं, "खोट्या कळा हायत, घरी जावा."

"खोट्या?" सासू उसळली. "माझी सून काय नाटकं करते? नाय जाणार आमी!" पायरीवरच बसली सुनेला घेऊन. संध्याकाळी खऱ्या कळा आल्या आणि बाळ आडवं निघालं. रस्त्यात असती तर?

*

मुरबाडकडच्या एका पाड्यावरून बाळंतीण आली, खूप रक्त गेलेलं. नवऱ्याने झोळी करून रानातून खांद्यावर आणलेली. डॉक्टर बोल्ले, "नॉट आउट ऑफ द वूड्स." कैलासने मोबाइलात बघितलं. "अजून जंगलातून बाहेर नाय आली."

"आली की!" नवरा बोल्ला. "मीच आणली. जंगल मागं राहिला." मग त्याने आमच्या तोंडाकडे बघितलं आणि समजला, धोका अजून टळला नाय. ती चहा मागायला लागेपर्यंत तो दारातून हलला नाय.

*

आणि मग सुषमाची पाळी. सकाळी बीपी आणखी चढला आणि तिला घाईघाईने सिझरला घेतलं. मला आत सोडेनात. रोज तीच फरशी पुसणारी मी, त्या दिवशी नातेवाईक! जावई मुरबाडहून निघालेला, सोबतीला फक्त कैलास. त्याला सांगितलं, "मंत्री, आज तोंड उघडलंस तर याद राख."

जरा वेळाने दार किलकिलं झालं. डॉक्टर सिस्टरशी बोलत होते. त्या सगळ्या इंग्रजीत मला एकच शब्द कळला, 'वूड्स'. आधी 'नॉट' होतं का नव्हतं, देव जाणे! कैलासकडे बघितलं तर तो भिंतीकडे बघतोय.

डॉक्टर बाहेर आले. तोंडाला मास्क, डोळे लाल. चालता चालता काय सांगतील म्हणून मी वाट बघत होते. ते थांबले. बाकड्याकडे हात केला.

"मावशी, बसा."

"नाय बसणार."

"अहो, बसा."

"नाय बसणार मी! काय ते उभ्याउभ्या सांगा! पाया पडते सायेब, पण त्या बाकड्यावर नको!"

मी रडायलाच लागले. माझं बघून कैलासपण रडायला लागला.

डॉक्टरांनी मास्क काढला. "मावशी, सुषमा बरी आहे हो! पण तुमचे पाय बघा कसे लटपटतायत. बाळाला उभ्याने घेऊन पाडणार आहात का?"

त्यांच्या मागून सिस्टर आली, हिरव्या कपड्यात गुंडाळलेली माझी नात घेऊन.

मी बसले.