भिंतीलगतची पाचवी खूण

आरतीच्या कापराचा वास आला की आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या मोकळ्या जागेवरची ती सकाळ आठवते. सोलापुरातील जुन्या कचरा डेपोला लागून असलेल्या त्या जागेत माती तपासणीचे बोअर कुठे घ्यायचे, हे ठरत होते. अभियंत्याने चुन्याच्या फक्कीच्या चारही खुणा रस्त्याच्या कडेला मारल्या होत्या. पाचवी डेपोच्या भिंतीलगत असावी, असा आग्रह मी पत्राने धरला होता. तिथे बोअरच्या मशीनवाल्याने पहारीने खोल भोक पाडले, रिवाजाप्रमाणे नारळ फोडून कापूर लावला आणि भोकातून हातभर निळी ज्योत उसळली. "काका, मागं सरा, खाली गॅस हाय की," तो म्हणाला. ज्योत विझताच अभियंत्याने बुटाने फक्की पुसली. "ही खूण नकोच. उगाच अहवाल बिघडेल." त्या थंड स्वराने मी ज्योतीपेक्षा अधिक हादरलो. मी जागीच पंचनामा लिहिला. अभियंत्याने सही नाकारली. मशीनवाला म्हणाला, "आणा की हिकडं, म्या बघितलंय," आणि त्याने सही केली. तरीही अहवाल चारच बोअरचा निघाला. निवृत्तीची पुंजी अडकल्याने त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणारा मी आज त्या पाचव्या बोअरसाठी सोसायटीला पाठवलेल्या प्रत्येक स्मरणपत्राची पोच जपून ठेवतो, आणि खिडक्या उघडल्याखेरीज देवापुढे कापूर लावत नाही.