सॅकमधला बासमती

बासमतीची नवी पिशवी फोडली की त्या वासाने मला २००५ सालचा अमेरिकेतल्या रेडमंडचा पाऊस आठवतो. स्पेनच्या डोंगरांतून एका मोठ्या चर्चपर्यंत जाणारी ख्रिस्ती यात्रेकरूंची शेकडो वर्षं जुनी वाट मला एकटीने चालायची होती, म्हणून पाठीवरच्या सॅकमध्ये वजनाला तांदूळ भरून मी रोज त्या पावसात घरामागचा चढ चढायचे. एकदा समोरच्या काकूंनी गाडी थांबवली. “अगं, गाडी बंद पडली का? बस आत!” “नाही काकू, स्पेनची प्रॅक्टिस करतेय.” “त्या चर्चला जायची? आपले देव कमी पडले का गं?” “देवासाठी नाही, मला चालायचंय.” “आणि तिकडे एकटीचा पाय मोडला म्हणजे?” “मग लंगडत जाईन,” म्हटलं आणि पट्टे आवळून चढाला लागले. तिकडे दुसऱ्याच घाटात घोटा मुरगळला. लंगडत गेले, पण शेवटच्या चर्चच्या पायरीपर्यंत गेले. पावसात तो घोटा अजून ठणकतो. ठणकू दे.