चूक काढा, चहा माझ्याकडून

फळ्यावर सिद्धता लिहून झाली की आमच्या मॅडम खडू खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चूक काढा. चहा माझ्याकडून." वाशीच्या कॉलेजात वर्षानुवर्षं त्या हे म्हणत आल्या, पण तो चहा कुणाला मिळाला नव्हता. चूक काढायला आधी काही कळावं लागतं ना!

त्यांचा विषय ग्राफ थिअरी. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. समोरच्याला जांभई आली की मॅडम स्वतःच विषय बदलायच्या. शनिवारच्या त्यांच्या व्याख्यानाला बहुतेकदा मी एकटीच असायचे, तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलायच्या.

जासईहून त्यांचा भाऊ चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, घेऊन मॅडमच्या जुईनगरच्या फ्लॅटवर यायचा. एकदा मला म्हणाला, "ताई लय हुशार हाय, पन तिचा काम काय हाय ते आमाला कोनालाच म्हाईत नाय." मॅडम हसल्या. मला मात्र त्या हसण्याचं वाईट वाटलं.

एका मोठ्या सिद्धतेवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती. जर्नलं ती न वाचताच साभार परत करायची. शेवटी तिची एक प्रत त्यांनी मला दिली. मी चिकाटीने वाचत गेले आणि मधल्या एका पानावर अडले. एक ठिपका काढून टाकला तरी उरलेली आकृती अखंड राहते, असं मॅडमनी धरलं होतं. पण तिचे तुकडे होऊ शकत होते. आणि पुढचं सगळं त्या एका ओळीवर उभं होतं.

मी ते पान घेऊन जुईनगरला गेले. मी ती ओळ दाखवली. मॅडमनी बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"अगं, म्हणजे तू इथपर्यंत वाचलंस!"

आणि लगबगीने उठून त्यांनी चहाचं आधण ठेवलं. आलं किसताना चक्क गुणगुणत होत्या.

ती सिद्धता काही सावरली नाही. गेल्या वर्षी मॅडमही गेल्या.

आता त्यांच्या जागी मी शिकवते. परवा त्याच वर्गात मी माझी स्वतःची सिद्धता मांडली. खडू ठेवून म्हटलं, "चूक काढा. चहा माझ्याकडून."

"बरोबरच असेल, मॅडम," एक जण मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. वर्ग सुटला. मी फळ्यासमोर एकटी उभी राहिले. मॅडम असत्या, तर एक तरी ओळ खोडली असती.