चौथ्या डब्याची जागा

शहाऐंशीच्या चैत्रातली गोष्ट. सकाळपासून मागावरच्या ताण्याचे धागे तुटत होते आणि मी धाग्यांवर, उन्हावर, बायकोवर, सगळ्यांवर डाफरत होतो. अशा वेळी मोहल्ल्यातली कुंताबाई दारात येऊन उभी राहिली. हातात पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात हळद लावलेले तांदूळ.

"गोपाळभाऊ, इथला खांब कोनी नेला?"

"कोनता खांब?"

"मालधक्क्याच्या फाटकाचा. रस्ता करनाऱ्यायनं पाडला वाटते. आता मी मोजू कुठून?"

मला काही कळेना. एक तर खांब माझा नव्हता, आणि दुसरं म्हणजे इतक्या वर्षांत ही बाई माझ्याशी चार वाक्यं बोलली नव्हती. पण बायकोने, राधाने, आतून पाण्याचा तांब्या आणला, तिला ओट्यावर बसवलं, आणि मग एकेक गोष्ट बाहेर आली.

आज आमचा मोहल्ला आहे तिथं पूर्वी रेल्वेचा मालधक्का होता. तुमसरच्या गिरण्यांचा तांदूळ, कोंडा, जंगलातला तेंदूपत्ता इथून डब्यांत भरला जायचा. हमालाचा हुक पोत्यात घुसला की तांदूळ सांडायचा. तो झाडून, सुपात पाखडून, त्यातला कोळसा आणि खडे वेगळे करून घरी नेणाऱ्या दहा-बारा बाया होत्या. कुंताबाई त्यांतली एक. बारा वर्षांची असल्यापासून ती आईबरोबर झाडणीला यायची. तळहातावर चिमूटभर तांदूळ घेऊन कोणत्या गिरणीचा ते ती सांगे, आणि चुकत नसे. लग्नही तिथल्याच हमालाशी झालं. सुखराम त्याचं नाव. मी त्याला पाहिलेलं नाही.

बहात्तर साली, दुष्काळाच्या वर्षी, सुखराम शंटिंगच्या वेळी दोन डब्यांच्या मधे सापडला. त्या दिवशी मुलीला गोवर आला होता म्हणून कुंताबाई घरी होती. ती धावत पोचेपर्यंत त्याला उचलून नेलं होतं, आणि खाली पाणी टाकून सगळं धुतलंही होतं. हमालांनी तिला एवढंच सांगितलं, की चौथ्या आणि पाचव्या डब्याच्या मधात. मग अठ्ठ्याहत्तरला रूळ उखडून नेले. ऐंशीत प्लॉट पडले. आम्हा भावांच्या वाटण्या झाल्यावर मीही एक घेतला, दोन खोल्या बांधल्या आणि पुढच्या खोलीत मागाचा खड्डा खणला. इथं पूर्वी काय होतं याचा विचार मी केला नाही. कशाला करीन? मला छप्पर हवं होतं.

कुंताबाईच्या घरी एक रीत आहे. घरात लग्न निघालं की पहिलं आवतन देवाला, दुसरं घरातल्या मेलेल्या माणसांना. आणि ज्याचा जीव घराबाहेर गेला, त्याला आवतन द्यायला तो जिथं गेला तिथंच जावं लागतं. तिथं पिवळे तांदूळ ठेवायचे आणि हाक मारायची. नाही तर तो लग्नाला येत नाही. आता तिच्या सत्यवतीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. बापाला बोलवायचं होतं, आणि बापाची जागा हरवली होती.

"म्हनजे आजवर कुठं जात होत्या तुमी?" मी विचारलं.

"खांबापासून चार डबे पावलानं मोजत होती. पितरांच्या दिवसांत दरसाल पान ठेवून येतो. हातपंप हाय ना, त्याच्या जवळ. पन आवतनाले जागा बराबर पायजे, मोजूनच."

हे सांगताना तिच्या आवाजात इतकी खात्री होती, की मला वाटलं, चला, खांबाची जागा दाखवून द्यावी आणि आपल्या धाग्यांकडे वळावं. पाच मिनिटांचं काम.

खांबाची जागा कोपऱ्यावरच्या श्यामरावला माहीत होती. मालधक्का होता तेव्हापासून त्याचं चहाचं दुकान तिथंच आहे. त्याने मुरूम पायाने बाजूला केला आणि खांबाचा खड्डा दाखवला. मी म्हटलं, झालं. तर श्यामराव कुंताबाईला म्हणतो, "पन बाई, तुमी इकडून काहून मोजून राहिल्या? हमाल लोकं तं इंजिनाकडून मोजत."

कुंताबाई त्याच्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "नक्की?"

"नक्की कसं सांगू बाप्पा! मी चहा इकत होतो, डबे नाही. सेवकराम मुकादमाले पुसा. नाकाडोंगरीले लेकीकडे रायते म्हनते."

मी घरी येऊन पेटीतून प्लॉटचा नकाशा काढला. त्यात माझा प्लॉट होता, शेजाऱ्यांचे होते, रस्ता होता. रूळ नाही, धक्का नाही, फाटक नाही. जणू रिकाम्या माळावर आम्हीच पहिल्यांदा उतरलो होतो. मी नकाशा उलटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला. राधा म्हणाली, "कागदाले भोकं पडतीन." मला तिचाही राग आला. राग याचा, की मला मोजमाप चुकलेलं खपत नाही, आणि इथं मोजायचं कुठून हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माग बंद ठेवला आणि कुंताबाईबरोबर नाकाडोंगरीच्या एसटीत बसलो. का बसलो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ती वाटभर खिडकीबाहेर पाहत होती. एकदाच म्हणाली, "मुकादम मनतीन, तुईच जागा बराबर हाय." मी मान हलवली.

सेवकराम मुकादम पडवीत बाजेवर बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ शाबूत. मालधक्का म्हटल्याबरोबर तो ताठ झाला. गाडी कशी मागून ढकलत आणत, फाटकाशी रूळ कसा संपायचा, सगळं सांगू लागला. एका वेळी बारा डबे लागत. क्वचित तेरा.

"बारा का तेरा?" मी अडवलं.

"बाराच धर. तेरावा उन्हात उभा राये, धक्क्याच्या भाहीर. मायी दहा पावलं म्हनजे एक डबा."

"आनि मोजत कुठून होते?"

"इंजिनाकडून! आनखी कुठून मोजनार? आमची टोळी तिकडून घुसे. फाटकाकडून मोजत त्या झाडनीवाल्या बाया. त्यायले तिकडूनच आत घेत ना."

बोलून झाल्यावर त्याला आठवलं असावं की समोर कोण बसलं आहे. मग हळू आवाजात म्हणाला, "सुकराम इंजिनाकडून चौथा-पाचवा. मीच उचलला होता त्याले."

मी मनात हिशेब मांडला. फाटकाकडून मोजलं तर चाळीस पावलं. इंजिनाकडून चार डबे सोडले तर फाटकापासून ऐंशी. कुंताबाई चौदा वर्षं निम्म्या वाटेवर पान ठेवून परत येत होती. एकाच धक्क्यावर नवरा तिकडून मोजत होता, बायको इकडून, आणि दोघांनी घरी बसून कधी हे बोलून पाहिलं नव्हतं. कशाला बोलतील? ज्याला त्याला आपला चौथा म्हणजेच चौथा.

परतीच्या एसटीत ती एकदम माझ्याकडे वळली.

"भाऊ, चौदा साल थो उपाशी राह्यला काय?"

माझा या गोष्टींवर विश्वास आहे की नाही, हे त्या क्षणी मला ठरवता येईना. मी आपलं म्हणालो, "तसं नसते कुंताबाई." तसं नसतं तर कसं असतं, हे तिने विचारलं नाही, हे तिचे उपकार.

संध्याकाळी आम्ही खांबाच्या खड्ड्यापाशी उभे राहिलो. पावलं मी टाकायची ठरली, कारण माझी उंची मुकादमाएवढीच. ती द्रोण घेऊन मागे. चाळीसला हातपंप आला. तिथं ती थबकली, जमिनीकडे पाहिलं, आणि पुन्हा चालू लागली. पन्नास. पंचावन्न. साठ झाल्यावर मी मान वर केली आणि समोर माझं घर दिसलं.

खरं सांगतो, तोवर माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. माझ्या ओट्याशी बहात्तर होणार होते. ऐंशी म्हणजे पुढची खोली. पुढची खोली म्हणजे मागाचा खड्डा, जिथं रोज आठ-आठ तास मी पाय सोडून बसतो. घरात पोरं झोपतात, राधा संध्याकाळी दिवा लावते, आणि त्या जागी एक माणूस... मी पावलं बारीक केली. फार नाही, जरा जरा. पासष्ट, सत्तर, पंचाहत्तर. ऐंशी बरोबर ओट्याच्या अलीकडे, गल्लीत आणून टेकवले.

"इथं," मी म्हणालो.

कुंताबाईने क्षणभर माझ्या पायांकडे पाहिलं. मग खाली बसली, जमीन हाताने झाडली, द्रोण ठेवला, आणि ओठातल्या ओठात काही पुटपुटली. जाताना राधाला म्हणाली, "येजा वहिनी लग्नाले."

त्यानंतर तीन दिवस मला मागावर बसता आलं नाही. बसलो की पाय वर ओढले जात. राधाला सांगितलं, पाठ दुखते. तिने तेल चोळून दिलं, त्याने आणखी वाईट वाटलं. मी स्वतःला सांगे, बारा नसून तेरा डबे असतील. मुकादमाची पावलं मोठी असतील. खांब मुळात तिथं नसेलच. सगळं शक्य होतं. जो मालधक्का नकाशावर नाही, तो माझ्याच खोलीत कसा निघेल? आणि लगेच दुसरं मन म्हणे, मग तू पावलं बारीक का टाकलीस?

चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात लग्नाचे तांदूळ पाखडत होती. मी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं. खोटं मोजलं म्हणालो. घाबरलो म्हणालो. जागा माझ्या मागाच्या खड्ड्यात येते म्हणालो.

तिचं सूप थांबलं नाही.

"मले मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"बारा सालाची होती तवापासून त्या धक्क्यावर चाल्ली मी. कोनाचं पाऊल केवढं पडते, मले दिसत नाई काय?"

"मंग बोल्ल्या काहून नाही?"

"तुमच्या घरी लेकरं हायत. मी त्याले सांगतलं, लोकायच्या घरात नोको बसू, भाहीर येऊन घेऊन जा." तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. "पन आला का नाई, कोन जाने. मले तं रातभर झोप नाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला तशीच घरी घेऊन आलो. राधाला सगळं सांगितलं. तिने देवघराकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि मग पुढच्या खोलीत पाणी शिंपडलं. ताणा मी बाजूला घेतला. कुंताबाई खड्ड्याच्या काठावर बसली, हात खाली घालून पिवळे तांदूळ ठेवले, आणि माझ्याकडे पाहू लागली.

"हाक द्या भाऊ."

"मी?"

"नावानं द्या लागते. मी घेत नाई त्याचं नाव. दीर असता तं त्यानं घेतलं असतं. त्या दिवशी गल्लीत बिननावानंच हाक देली."

मी कधी न पाहिलेल्या माणसाला हाक मारायची होती, माझ्याच घरात, जिथं तो असेल की नाही याची मला अजूनही खात्री नव्हती. मी खड्ड्यात पाहिलं. तिथं माग चालवायच्या पावड्या होत्या, पायांनी झिजलेल्या, आणि तळाची माती माझ्या टाचांनी गुळगुळीत झालेली.

"सुखरामभाऊ," मी म्हणालो, "तुमच्या सत्यवतीचं लगन हाय. वैशाखात. तुमी या."

दुसऱ्यांदाही मी तेच म्हणालो. तिसऱ्यांदा मी जे बोललो ते रीतीत नव्हतं. मी म्हणालो, पाच वर्षं माझे पाय तुमच्या अंगावर होते, मला माफ करा.

कुंताबाई रडली नाही. तिने पदराने खड्ड्याचा काठ पुसला, उठली आणि मला म्हणाली, "आता बसा तुमी."

"कुठं?"

"मागावर. चार दिसांपासून बंद हाय ना? हमाल होता थो. त्याच्यापायी कोनाचं काम खोळंबलं, तं त्याले आवडनार नाई."

मी राधाकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी काठावर बसलो, आणि तांदूळ वाचवत, हळूच, पाय खाली सोडले.