नलूआत्याकडची ताटं

माझ्या धाकट्या भावाचा, मंदारचा, फोन आला, "ताई, नलूआत्या गेली गं." मला रडू आलं नाही, संतापच आला. महिनाभर फोनवर 'काही नाही गं, पित्त झालंय' म्हणत होती! आम्हाला कधी खोटं न सांगणारी बाई स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र थापा मारत राहिली. आता भांडू कुणाशी?

आत्या बाबांची थोरली बहीण, मुलुंडला एकटी राहायची. बारशाला माझं नाव तिनेच ठेवलेलं, आणि त्या हक्कावर ती पुढे कुणाचंच ऐकायची नाही. टीव्ही नुकता रंगीत झाला होता, त्या सुमारास आई आम्हाला घेऊन घाटकोपरला आजोळी आली. बाबा कुठे विचारलं की सगळे एका सुरात सांगत, 'दुबईला गेलेत.' बाबा घड्याळ आणणार, असं मंदारने शाळाभर सांगितलं. विमानाचा आवाज आला की पोरगं गॅलरीत धावायचं. आणि बाबा होते मालाडला! घरातल्या शहाण्यासुरत्या माणसांना याहून बरं काही सुचू नये, याची चीड मला आजही येते.

एका रविवारी आत्या आली नि आम्हाला समोर बसवून म्हणाली, "तुमचा बाबा दुबईला नाहीये. मालाडला राहतो. त्याचं नि आईचं पटत नाही, आता ते एकत्र राहणार नाहीत. हे तुमच्यामुळे नाही. कळलं ना?"

"मग घड्याळ?" मंदारने विचारलं.

"नाही रे राजा…"

आजीने तिला चक्क घराबाहेर काढलं. पुढच्या रविवारी ती पुन्हा दारात हजर! शेवटी आईच वैतागून म्हणाली, "न्या त्यांना, वन्सं. पण संध्याकाळी आणून सोडा."

मुलुंडला तिने तीन स्टीलची ताटं घेतली होती, नावं घालून. माझं, मंदारचं आणि बाबांचं. बाबा मनात आलं तर यायचे. वरण निवेपर्यंत आले नाहीत, की आत्या त्यांचं ताट उचलून फळीवर ठेवायची. "आज आला नाही. चुकलं त्याचं. तुम्ही जेवा." भावासाठी तिने कधी एक सबब सांगितली नाही. मी चिडायचे, "तू त्यांना ओरड ना!"

"ओरडते गं. ऐकतोय कुठे तो?"

परवा तिचं घर आवरायला आम्ही जमलो. बाबाही आले. मी कुकर लावला होता. माझ्या पाच वर्षांच्या सईने विचारलं, "नलूआजी कुठेय?" बाबा चटकन म्हणाले, "गावाला गेलीय. येईल हं."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, पुरे!" सईला समोर बसवलं. "नलूआजी वारली, बाळा. ती आता येणार नाही." सई रडली. मग मीही रडले… इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मंदारने फळीवरची ताटं काढली. सई माझ्या ताटात जेवायला बसली. बाबा आपल्या ताटावरच्या नावावरून बोट फिरवत राहिले. वरण अजून गरम होतं. या घरात इतक्या वेळेवर ते कधीच आले नव्हते.