कबड्डीच्या फोटोमागच्या बेबीताई

आमच्या दारव्ह्याच्या कॉलेजच्या वेबसाइटवर ग्रंथालयाच्या सेवांची लांबलचक यादी आहे. ई-जर्नल्स, ई-पुस्तकं, संगणकावर पुस्तक शोधायची सोय, प्रबंधात उसनवारी किती ते सांगणारं सॉफ्टवेअर, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, आणि सातव्या ओळीत ‘वृत्तपत्र कात्रण सेवा’. वाचणाऱ्याला वाटावं, काचेच्या केबिनमध्ये चार माणसं बसून कात्रणं काढत असतील. प्रत्यक्षात या विभागात एक लोखंडी कपाट, एक कात्री आणि ग्रंथालय परिचर गफ्फारभाई एवढाच ऐवज आहे. त्यातली कात्री गफ्फारभाईंच्या घरची.

गफ्फारभाईंचे वडील बाइंडर होते. त्यामुळे गफ्फारभाई पुस्तक हातात घेतात ते वैद्यानं नाडी धरावी तसं. पोरांनी पुस्तक उघडून टेबलावर पालथं घातलं की यांच्या मानेत कळ येते. “अरे बापा, तुह्या पाठीवर असं कोणी बसलं तं चालंल का तुले?” पोरगं निमूट पुस्तक मिटतं.

नोकरीला लागले तेव्हा प्राचार्यांनी त्यांना सांगितलं होतं, पेपरात आपल्या कॉलेजचं नाव आलं की कापून वहीत चिकटवायचं. हे वाक्य त्यांनी अक्षरशः पाळलं. रोज सकाळी दहाला चष्मा, कात्री आणि कॉलेजच्या नावाचा शोध. देशात सरकार बदललं त्या दिवसाचं कात्रण आमच्याकडे नाही. त्या दिवशी आमच्याकडे रक्तदान शिबिर होतं, त्याचं आहे. अशी चौदा रजिस्टरं झाली. जुनी वर्तमानपत्रं मधल्या काळात संगणक ठेवायला जागा हवी म्हणून रद्दीत गेली, रजिस्टरं राहिली.

चिकटवायला घरची खळ. मैदा पाण्यात शिजवायचा, आणि कागद खाणारी कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद, ते निळं विष. वाचकापेक्षा कसर हाच ग्रंथालयातला खरा नियमित सभासद, असं ग्रंथपाल ममता मॅडम म्हणतात. गफ्फारभाईंनी तो सभासद गेली तीस वर्षं दारातच अडवून धरला, असा त्यांचा आणि आम्हा सगळ्यांचा समज होता.

तर फेब्रुवारीतल्या एका सकाळी अकरा वाजता निकिता ग्रंथालयात आली. निकिता आमच्या संशोधन केंद्राची विद्यार्थिनी, बोरी अरबची. आठवडी बाजारात बसणाऱ्या बायांवर तिचा पीएच.डी.चा प्रबंध. पाच वर्षं बाजार पालथे घालून तिनं सहा प्रकरणं लिहिली होती आणि त्यातल्या चौथ्या प्रकरणावर सगळा डोलारा उभा होता. १९९८ साली बोरीच्या बाजारात भाजीवाल्या बायांना ठेकेदारानं लिंबाच्या सावलीतून उठवून नालीकडेला बसा म्हटलं. अकरा बायांनी तीन बाजार सलग टोपल्या भरून आणल्या, जागेवर मांडल्या आणि एक वांगंही कोणाला विकलं नाही. शेवटी सावली परत मिळाली. अशी हकिगत. सांगणारी एकच, बेबीताई. बाकीच्या दहापैकी काही वारल्या, काही कुठे गेल्या पत्ता नाही.

बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांनी महिन्यापूर्वीच बजावलं होतं. “एका बाईच्या तोंडी माहितीवर प्रकरण उभं राहत नाही. कागद आणा, नाहीतर प्रकरण काढा.” आज दुपारी तीन वाजता शेवटचं सादरीकरण, आणि नोंदणीची मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती. चौथं प्रकरण काढलं तर पाच वर्षांतून उरणार होती ती बाजाराच्या दिवसांची यादी.

निकितानं महिनाभर सगळं धुंडाळलं होतं. बातमी छापून आली होती ते ‘अडाणतीर’ साप्ताहिक कधीच बंद पडलेलं. मालक वारले, छापखान्यात आता मोबाइलचं दुकान. आमच्या रजिस्टरांच्या सूचीत ‘महिला’ पाहिलं, ‘बाजार’ पाहिला. सापडणार कसं? बोरीच्या वांग्यांचा कॉलेजशी काय संबंध!

म्हणून आज ती पुरावा म्हणून साक्षात बेबीताईंनाच एसटीत बसवून घेऊन आली होती. बेबीताई सत्तरीच्या, नऊवारी, कानात बुगड्या, हातात संत्र्यांची पिशवी. आत आल्या आणि अभ्यासिकेतल्या पन्नास माना खाली घातलेल्या पोरांकडे पाहून म्हणाल्या, “बाप्पा! एवढे पोट्टे अन् एकही बोलून नाई राह्यला? कोणी मेलं का?”

पन्नास माना वर आल्या. गफ्फारभाईंनी सवयीनं बोट ओठांवर नेलं. बेबीताईंनी त्याच हातात एक संत्रं ठेवलं.

“मावशी, इथं बोलत नाईत.”

“मी त् बोलाले आली. या पोरीनं मले त्याच्यासाठीच आणलं.”

निकिता रडकुंडीला आली होती. “गफ्फारभाई, एकदा पुन्हा पाहू द्या ना रजिस्टर. अठ्ठ्याण्णवचं.”

“बेटा, चारदा पाह्यलं आपण.”

“पेपरात आलतं, मी सांगून राह्यली ना!” बेबीताईंचा आवाज चढला. “सत्तावीस वर्षं झाली, गाव मले फोकनाडी म्हणते. म्हणे बेबी थापा मारते. अकराच्या अकरा नावं आलती! पण माहं नशीबच उलटं. आमची बातमी पानाच्या पाठीमांगं, अन् पुढून कालेजच्या पोट्ट्यायचा कबड्डीचा फोटो. आमच्या यायनं मोठ्या हौसेनं थे पान भितीले चिकटवलं. पण कसं? त् पोट्टे बाहेर अन् मी भितीकडं तोंड करून! येणारा-जाणारा म्हणे, काहून वो, हे कबड्डीवाले तुमचे जावई का?”

अभ्यासिका फुटली. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. निकितालाही हसू आलं. हसले नाहीत ते एकटे गफ्फारभाई. ते संत्रं हातात धरून जागच्या जागी थिजले होते.

“मावशी,” ते हळूच म्हणाले, “कोणाचा फोटो म्हनला?”

“कबड्डीचा.”

“आमच्या कॉलेजच्या?”

“मंग का कलेक्टरच्या?”

गफ्फारभाई धावले. ग्रंथालयात धावू नये, असा त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद भिंतीवर आहे. त्याच्या खालून धावले. पाचवं रजिस्टर आणलं, थुंकी न लावता (थुंकी लावणाऱ्याचं ते आजही कार्ड काढून घेतात) पानं उलटली, आणि तो फोटो निघाला. बारा पोरं, मध्ये ढाल, खाली ‘अडाणतीर’ आणि तारीख त्यांच्या अक्षरात. नोव्हेंबर १९९८.

“हेच थे जावई!” बेबीताई ओरडल्या.

आणि बेबीताईंची बातमी? ती या जावयांच्या पाठीला होती, आणि जावई रजिस्टरला पक्के चिकटलेले. घरी भिंतीकडे तोंड, इथे वहीकडे तोंड. बाईंचं खरंच नशीब उलटं.

“सोडवता येईल ना?” निकितानं विचारलं. घड्याळात साडेअकरा.

गफ्फारभाईंनी पानावर बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला. अठ्ठ्याण्णव साली प्राचार्यांनी कात्रणांसाठी डिंकाच्या बारा बाटल्या मंजूर केल्या होत्या. “खळ नको, हे वापरा,” असा हुकूम होता. संपेपर्यंत कधी डिंक लावला, कधी खळ, लक्षात कोणाला. खळ असेल तर ओलाव्यानं सुटेल. डिंक असेल तर कागद पत्र्यासारखा झालेला, ओढला की बारा जावयांसकट सगळ्याचा चुरा.

ममता मॅडम भिंग घेऊन आल्या. संघदीप सर, म्हणजे निकिताचे मार्गदर्शक, धापा टाकत वरच्या मजल्यावरून आले. पोरांनी टेबलाभोवती कोंडाळं केलं. मी तिथे होतो तो केवळ ग्रंथालयातला पंखा जोरात फिरतो म्हणून. पण पंख्याकडे कोणाचं लक्ष!

भिंगातून गफ्फारभाई कडा न्याहाळत होते. आणि एकाएकी ते असे ओरडले की बाहेर चहावाल्यानं मान आत घातली.

“कसर! कसर लागली मॅडम! हे पाहा, भोकं! खाल्लं, खाल्लं!”

तीस वर्षं ज्या किड्याच्या नावानं त्यांची झोप उडायची, त्याच्या दाताच्या खुणा पाहून हा माणूस लहान पोरासारखा टाळ्या वाजवत होता. कारण कसर डिंकाला तोंड लावत नाही; ती येते मैद्यासाठी. म्हणजे ही खळ होती!

पण लगेच त्यांचा चेहरा पडला. “माह्या खळीले कसर लागतच नाई. मोरचूद रायते त्यात. मंग हे काय?”

“जाऊ द्या ना,” संघदीप सर म्हणाले, “पाणी लावून पाहू.”

“सर, आधी कळलं पाहिजे. चुकीचं पाणी लागलं तं गेलं.”

गफ्फारभाईंनी फोन काढला. अठ्ठ्याण्णव म्हणजे त्यांच्या लग्नाचं साल. त्या वर्षी खळ त्यांनी शिजवलीच नव्हती. नव्या नवरीनं, हजराबींनी, सासरी आल्यावर पहिल्यांदा चुलीवर जे चढवलं ती कॉलेजची खळ. फोन स्पीकरवर होता, हे गफ्फारभाईंच्या ध्यानात नव्हतं.

“हजरा, एक बात सच बोल. शादी के साल तू खल पकाती थी. मोरचूद डालती थी ना?”

पलीकडून हजराबी, “क्यों? अब क्या हुआ?”

“डालती थी के नहीं?”

“अजी, वो नीला जहर मैं मेरे जहेज के भगोने में डालती क्या? नाली में फेक देती थी. साल भर फेकी. फिर तुमने अलग डब्बा ला के दिया, तब से डाली.”

“और मुझे बोली नहीं? सत्ताईस साल?”

“तुमने पूछा कब?”

साऱ्या ग्रंथालयानं टाळ्या वाजवल्या. “कौन है वहाँ?” म्हणून हजराबींनी घाबरून फोन ठेवला. पण खात्री पटली: शुद्ध, निर्विष, नुसत्या मैद्याची खळ!

मग सुरू झालं ते ऑपरेशन. गफ्फारभाईंनी वडिलांची हाडाची पट्टी कपाटातून काढली; बाइंडर लोक कागदाला घडी घालायला वापरतात ती. चहावाल्याकडून कोमट पाणी आलं. फोटोला पाणी लावायचंच नाही. ओलं, पिळलेलं फडकं रजिस्टरच्या पानाच्या पाठीला द्यायचं आणि थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड. पंखा बंद केला. पन्नास पोरं श्वास रोखून उभी. बेबीताई तेवढ्या बोलत होत्या.

“वो दादा, हळू वो. माह्यावर लिंबाची सावली हाये तिथं.”

“मावशी, दोन मिनिटं.”

“सत्तावीस वर्षं थांबली, दोन मिनिटं कायले नाई थांबत.” आणि अर्ध्या मिनिटानं, “झालं का?”

पट्टी एका कोपऱ्यात शिरली. कागद सुटला, दोन बोटं, चार बोटं. मधेच अडला. निकितानं डोळे मिटून घेतले. पुन्हा फडकं, पुन्हा थांबणं. मग केळ्याच्या सालीसारखं ते कात्रण अलगद वर आलं आणि गफ्फारभाईंनी तळहातावर झेलून टीपकागदावर उलटं ठेवलं.

खळीच्या पांढुरक्या थराखाली अक्षरं होती! ममता मॅडम भिंगातून वाचू लागल्या. “बोरीच्या भाजीवाल्या जागच्या हलल्या नाहीत. तिसऱ्या बाजारीही विक्री बंद. गावकऱ्यांचे तीन आठवडे वरणावरच...”

“वरणच होतं!” बेबीताई म्हणाल्या. “माह्या घरीबी वरणच होतं. मलेच भाजी विकली नाई मी!”

पुढे नावं होती. कात्रीनं उजवीकडची कड नेली होती, कसरीनं मधलं एक भोक पाडलं होतं. अकरापैकी आठ नावं वाचता आली. पहिलंच नाव, ‘सौ. बेबीबाई घनश्याम’. पुढचं आडनाव कसरीच्या पोटात.

“तीन नावं मी कापली,” गफ्फारभाई अपराध्यासारखे म्हणाले. “मी फोटो पाहून कापलं. पाठ कधी पाह्यलीच नाई.”

“राहू द्या वो. थे तीन मी सांगते ना,” बेबीताई म्हणाल्या, आणि बोटांवर मोजत सांगितलीही.

तीन वाजता निकिता सादरीकरणाला गेली ती दोन काचांमध्ये ठेवलेलं, अजून थोडं दमट कात्रण पूजेच्या ताटासारखं धरून. बेबीताई मागे. आम्ही दारापाशी. तज्ज्ञांनी काच उचलून उजेडात धरली, तारीख पाहिली, बातमी दोनदा वाचली. चष्मा काढून त्यांनी बेबीताईंना विचारलं, “तीन बाजार काहीच विकलं नाही, मग घर कसं चालवलं हो?”

“या पोरीनं पान एकशे बारावर लिवलं ना थे. वाचलं नाई का?”

तज्ज्ञ हसले. बराच वेळ हसले. म्हणाले, “वाचलं होतं, बाई. खरं वाटलं नव्हतं. प्रकरण राहू द्या, निकिता. आणि हे कात्रण परिशिष्टात जोडा, दोन्ही बाजूंनी.”

व्हरांड्यात निकितानं अशी किंकाळी फोडली की खाली मैदानावरचे कबड्डीवाले खेळ थांबवून वर पाहायला लागले. तिनं बेबीताईंना मिठी मारली. मग ग्रंथालयाकडे पळाली. गफ्फारभाईंना सांगायला हवं होतं!

तिथे पाहते तर पाच वाजायला आले होते, खिडक्या उघड्याच, आणि गफ्फारभाई खुर्चीवर उभं राहून वरच्या खणातलं पहिलं रजिस्टर काढत होते. पोलीस भरतीच्या पोरांनीही पुस्तकं सोडून टेबल मोकळं केलेलं, एकानं फडकं भिजवलेलं. प्रत्येक कात्रणामागे काय निघणार यावर पैजा चाललेल्या.

“गफ्फारभाई, प्रकरण राहिलं! राहिलं!”

“राह्यलं? राह्यलं ना?” त्यांनी खुर्चीवरूनच हात वर केले. डोळे पुसले आणि लगेच रजिस्टर उघडलं. “ये, बस. ही चौदा रजिस्टरं म्या फक्त एका बाजूनं ठेवली, बेटा. जूनमंदी रिटायर होतो. तोवर दुसरी बाजू काढू.”

“पाच वाजले, गफ्फारभाई,” ममता मॅडम म्हणाल्या, पण किल्ल्या पर्समध्ये टाकून स्वतःच बाकावर बसल्या.

पहिलं कात्रण सुटलं. पुढे गॅदरिंगचं बक्षीस वितरण. उलटून पाहिलं, तर चौकटीतली जाहिरात: बोरी अरब येथून म्हैस हरवली आहे, कपाळावर पांढरा ठिपका, सापडल्यास कळवावे.

“थे म्हैस सापडली!” बेबीताई एसटीची वेळ विसरून टेबलावर झुकल्या. “दिग्रसच्या बाजारात. विकाले नेलती कोणी. पण त्याच्या आंधी काय झालं, ऐका...”

निकितानं वही उघडली, पेनाचं टोपण दातांत धरलं आणि लिहायला बसली.