चष्मेवाल्या ताई

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात नीलाताईंनी एकतीस वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या. काच दोन बोटांत धरायची, कागदावर काढलेल्या फुलीवर हलवायची; फुली उलट दिशेला पळते की काचेबरोबर चालते, आणि किती वेगाने, एवढं बघून त्या नंबर सांगायच्या. मशीनवर लावून पाहिलं तरी आकडा तोच यायचा. कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी सगळ्यांना विचारलं, आठवण म्हणून काय नेता? कोणी पंखा नेला, कोणी भिंतीवरचं घड्याळ. नीलाताईंनी तपासणीच्या काचांची लाकडी पेटी मागितली. तिचं काय करणार, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढच्याच वर्षी त्यांचे मिस्टर सीताराम गेले. मुलगी माया हैदराबादला, नोकरीत आणि संसारात. ती दर रविवारी फोन करायची. बाकीचे सहा दिवस नीलाताईंच्या दोन खोल्यांत कुकरची शिट्टी तेवढी बोलायची. एकटीच्या भाताला कुकर कशाला, हे कळत असूनही त्या कुकरच लावत.

हेमा त्यांच्या बिल्डिंगचे जिने झाडायला यायची. टेकडीच्या पायथ्याशी वस्तीत राहायची आणि दुपारी घरी बसून इमिटेशनच्या माळा ओवायची. एकदा झाडू हातात घेऊन ती पायरीवरच बसली.

"काय झालं गं?"

"ताई, डोळे गेले माझे. सुईचं भोक दिसत नाही. परवा अख्खी माळ चुकली, तर शेठ म्हणाला, उद्यापासून माल देणार नाही. अजून पंचेचाळीसची पण नाही मी."

नीलाताई आत गेल्या. सीतारामांच्या कप्प्यातला पेपर वाचायचा चष्मा त्यांनी आणला, तिच्या नाकावर बसवला आणि हातात सुईदोरा दिला. पहिल्या खेपेलाच दोरा सुईत गेला. हेमाने तो ओढून काढला आणि पुन्हा ओवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे गेलेच नव्हते की डोळे."

तिथून गुरुवार सुरू झाले. माजिवड्याच्या मोठमोठ्या सोसायट्यांमध्ये जाऊन नीलाताई वॉचमनच्या केबिनशी एक खोका ठेवून येत: 'जुने चष्मे इथे टाका'. लोक टाकायचे. घरी आणून त्या ते धूत, फुलीवर धरून नंबर काढत, चिठ्ठी चिकटवत. तिरक्या नंबराचे, दुसऱ्या कोणाला न चालणारे, बाजूला काढत, ढिल्या काड्यांचे स्क्रू आवळत. मग गुरुवारी सकाळी पेटी आणि पिशवी घेऊन वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बसत. जवळचं दिसत नाही त्यांना चष्मा. ज्यांच्या बुबुळावर पांढरं दिसे किंवा ज्यांना दिव्याभोवती कडी दिसत, त्यांना त्या सरळ सांगत, "हे माझं काम नाही. डॉक्टरकडे जा." आणि पुढच्या गुरुवारी गेलात का म्हणून विचारत.

गोधड्या शिवणाऱ्या, माळा ओवणाऱ्या, तांदूळ निवडताना खडे सुटतात म्हणून सुनेचं ऐकून घेणाऱ्या, सगळ्या यायच्या. शेवंती नावाच्या एका म्हातारीने चष्मा लावल्यावर आधी स्वतःचे हात पाहिले. उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या?"

नीलाताईंना त्या गर्दीत काय मिळायचं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. चष्मा नीट बसवायचा तर समोरच्याचा चेहरा दोन्ही हातांत घ्यावा लागतो. कानामागचे केस सारायचे, काडी बसवायची, हनुवटी जरा वर करायची. आठवड्यातून तेवढ्या एकाच दिवशी त्यांच्या हातांना दुसऱ्या माणसाची ऊब लागायची.

दोन वर्षं अशी गेली. मग ओटा रिकामा होऊ लागला.

यात कोणाचाच दोष नव्हता. चष्मा एकदा मिळाला की चार-पाच वर्षं पुरतो. वस्तीत घरं किती, त्यात चाळिशी उलटलेली माणसं किती. आधी वीस यायची, मग सात, मग तीन. एका गुरुवारी कोणीच आलं नाही. समोरून दोघी-तिघी गेल्या, नाकावर नीलाताईंचेच चष्मे.

"काय ताई, बऱ्या आहात ना?" त्यातल्या एकीने विचारलं.

"बरी आहे. चष्मा सैल झालाय का गं? बघू?"

"नाही ओ, एकदम मस्त आहे," म्हणत ती पुढे गेलीसुद्धा.

त्या दिवशी ओट्यावर बसल्या बसल्या नीलाताईंच्या मनात आलं, एखादीचा चष्मा पडावा. फुटावा. आणि विचार पुरता व्हायच्या आत त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की पेटी उचलून त्या तडक घरी निघाल्या. कोणाचं भलं करायला म्हणून गेलेलं माणूस असलं काही मनात आणतं? संध्याकाळपर्यंत त्यांना जेवण गेलं नाही.

पुढच्या महिन्यात वस्तीत नेत्रतपासणीची गाडी आली. आत मशीन, पांढऱ्या कोटातली मुलं, रांगेने नवे चष्मे. ज्याला त्याला स्वतःच्या नंबराचा, हलका, छान फ्रेमचा. हेमा जिने झाडायला आली ती हातात कापडी पिशवी घेऊनच.

"ताई, तुमचे चष्मे. सगळ्यांचे गोळा करून आणलेत. दुसऱ्या कोणाला होतील म्हणून."

पिशवीत एकसष्ट चष्मे होते. हेमाच्या डोळ्यांवर निळ्या काड्यांचा नवा चष्मा होता.

"छान दिसतो तुला," नीलाताई म्हणाल्या. ते खरंही होतं.

"पण तुम्ही या हां गुरुवारी. काम नसलं म्हणून काय, चहाला या."

नीलाताई गेल्या. हेमाच्या दारात चौघीजणी मणी ओवत बसल्या होत्या. लग्नसराईचा माल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. चहा आला. कोणाची मान वर होईना. सुया भराभर चालत होत्या, एकही मणी चुकत नव्हता. हेच तर त्यांना हवं होतं. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "येते मी," आणि हेमा माळेवरची नजर न काढता म्हणाली, "थांबा ना ताई, दोन मिनटं." त्या पाच मिनिटं थांबल्या, मग निघाल्या.

रविवारी माया म्हणाली, "आई, झालं ना आता. केलंस तेवढं खूप केलंस. आराम कर."

"करते," त्या म्हणाल्या.

आठ दिवस त्यांनी आराम केला. नवव्या दिवशी पिशवीतले एकसष्ट चष्मे पुन्हा धुतले, चिठ्ठ्या बदलल्या आणि गुरुवारी डोंबिवली गाठली. पश्चिमेला खाडीच्या बाजूला जुनी घरं आहेत, एवढं त्यांनी कधीतरी ऐकलं होतं. तिथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. दारोदार थांबून त्या विचारत गेल्या, "कोणाला जवळचं दिसायला त्रास होतो का?" एका बाईने दार लोटून घेतलं. एकीने सांगितलं, आम्हाला काही घ्यायचं नाही.

शेवटच्या घराच्या पडवीत सरस्वतीबाई नावाची म्हातारी कोळीण जाळं विणत होती. फाटका भाग हात लांब करून धरलेला, मान मागे.

"काय गो, कं इकतंस?"

"विकत नाही काही. चष्मे आहेत. नुसते देते."

"मना दिसतंय सगलं." तिची सुई त्याच फासात दुसऱ्यांदा चुकली.

नीलाताई वाद घालायच्या नाहीत. "बरं," म्हणाल्या आणि पेटी खाली ठेवून उन्हातच उभ्या राहिल्या. कुठे जायचं, ते त्यांना सुचेना. सरस्वतीबाईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पेटीकडे पाहिलं.

"घरा कोन हाय तुजे?"

गेली तीन वर्षं हा प्रश्न आला की नीलाताई मुलीचं सांगायच्या, हैदराबादचं सांगायच्या, जावयाची नोकरी सांगायच्या. आज त्या म्हणाल्या, "कोणी नाही."

म्हातारीने जाळ्याचा पसारा पायाने जरा पलीकडे सारला.

"मंग उनान कशाला हुबी? यं, बस इकरं."

नीलाताई पडवीत टेकल्या. पेटी त्यांनी उघडली नाही. खाडीवरून वारा येत होता आणि म्हातारी पुन्हा हात लांब करून तोच फास शोधत होती.